मूल काढून घेणं म्हणजे आधार नव्हे

'जी स्वतःच गोळ्यांवर आहे, तिच्या जिवावर पोर कसं सोडायचं?' हे वाक्य आपल्याकडे प्रश्न म्हणून उच्चारलं जात नाही. तो निकाल असतो. सासरच्या बैठकीत तो लागतो, माहेरची माणसं मान खाली घालून तो ऐकून घेतात, सोसायटीच्या जिन्यात त्याला दुजोरा मिळतो, आणि पुढे मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात गेला की तोच निकाल कायद्याच्या भाषेत अर्जावर उतरतो. जिच्याविषयी हे सगळं बोललं जातं तिला त्या बैठकीत कुणी काही विचारलेलं नसतं.

या निकालामागचं म्हणणं मी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. मानसिक आजार असलेल्या माणसाला स्वतःचं भान नसतं, तो मुलाचं भान काय ठेवणार? मूल अशा घरात वाढलं तर त्याच्या मनावर परिणाम होणार, आणि रक्तातच असेल तर तेही एक दिवस तसंच होणार. म्हणून मुलाच्या भल्यासाठी त्याला आजीकडे, काकांकडे किंवा वसतिगृहात ठेवावं. आईला औषधं द्यावीत. ती बरी झाली तर पुढचं पुढे बघता येईल. घरात माणसं आहेत, बाहेरच्या आधाराची गरज काय? आणि खरं म्हणजे अशा माणसांनी मूल होऊच द्यायला नको होतं.

यातलं प्रत्येक वाक्य मुलाच्या काळजीचा आव आणतं आणि प्रत्येक वाक्य मुलाचं नुकसान करतं. हे मी रागाने म्हणतो आहे, पण नुसत्या रागाने नाही.

आधी हे बघू या, की आपल्यापैकी कोणती आई एकटीने मूल वाढवते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सव्वा महिना तिला थंड पाण्यात हात घालू देत नाहीत. शेक-शेगडी होते, बाळाला आणि तिला तेल लावून न्हाऊ घालायला बाई येते, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू होतात, रात्री बाळ रडलं तर आजी उठून मांडीवर घेते. पुढे पाळणाघर येतं, शाळेची व्हॅन येते, 'अर्धा तास बघाल का हो याला' म्हणून शेजारच्या काकू येतात. यातली कुठलीही मदत घेतली म्हणून एकाही बाईला आजवर कुणी आईपणासाठी अपात्र ठरवलेलं नाही. मग बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात जिची झोप उडाली, जिला बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, जी कोपऱ्यात बसून नुसती रडते, तिच्यापुढे आपण एकदम वेगळी परीक्षा का ठेवतो? निरोगी बाईने सगळ्यांच्या मदतीने मूल वाढवलं तर ती आई. आजारी बाईने मात्र कुणाच्याही मदतीशिवाय, एकटीने, न चुकता सांभाळून दाखवायचं, आणि ते जमलं नाही की 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' ही परीक्षा आपल्यापैकी कोण उत्तीर्ण होईल?

यावर उत्तर तयार असतं. साधी बाळंतीण वेगळी आणि जिच्या डोक्यावर परिणाम झालाय ती वेगळी. वेगळी आहेच. हजार बाळंतिणींत एक-दोघींना प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार होतो. भास होतात, माणसांवर संशय येतो, कधी बाळाविषयीच भलत्या कल्पना मनात येतात, आणि त्या दिवसांत तिला बाळाजवळ एकटं ठेवणं धोक्याचं असतं. हे कुणीही शहाणा माणूस नाकारणार नाही. पण वेळेवर उपचार झाले तर या आजारातून बहुतेक जणी बाहेर येतात. मग काही आठवड्यांच्या धोक्यासाठी आयुष्यभराची ताटातूट कोणत्या न्यायाने? आणि 'एकटं ठेवू नये' याचा अर्थ 'बाळ काढून घ्यावं' असा कुणी लावला? त्याचा साधा अर्थ तिच्याजवळ कुणीतरी असावं, एवढाच होतो. इंग्लंडमधल्या कॅसल रुग्णालयात १९४८ साली आजारी आईला मुलासकट दाखल करून घेण्याची सुरुवात झाली. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही माता-बाल कक्ष आहे. तिथे आई आणि तान्हं बाळ एकत्र दाखल होतात, घरचं माणूस सोबत असतं, आणि औषधांच्या बरोबरीने आईला बाळाला जवळ घेणं, त्याच्याशी बोलणं, खेळणं पुन्हा जमावं यासाठी मदत केली जाते. धोका तिथल्या डॉक्टरांनाही माहीत आहे. त्यांनी त्यावर माणसं नेमली. आपण पाळणा उचलून दुसऱ्या घरात नेतो आणि त्याला उपाय म्हणतो.

तीव्र मनोविकार विरळा आहे. नैराश्य विरळा नाही, आणि घराघरांत ते 'कामचुकार आहे', 'लाडावलेली आहे', 'बाहेरचं झालंय' अशा नावांनी वावरत असतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा जो अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या आयांपैकी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. नैराश्य कुणाला जास्त झालं? जिच्या घरी पैशाची ओढाताण होती तिला. जिचं नवऱ्याशी पटत नव्हतं तिला. मुलगा हवा असताना जिला मुलगी झाली तिला. म्हणजे ज्या घराने तिला आजारी पाडण्यात हातभार लावला, तेच घर पुढे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून तिच्या आईपणाचा निवाडा करतं. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात असंही दिसलं, की नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांची वजनाची आणि उंचीची वाढ मागे पडते. हा निष्कर्ष ऐकून कुणी म्हणेल, बघा, मुलाचं नुकसान होतं ना! होतं. म्हणूनच तर आईला सावरायला हवं. कुपोषित बाळाच्या आईला आपण पोषण आहार देतो, बाळ जप्त करत नाही.

'आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, आम्हाला बाहेरच्या आधाराची गरज नाही,' हे म्हणणाऱ्यांसाठी गोव्याचा तो अभ्यास पुन्हा वाचण्यासारखा आहे. नैराश्य आलेल्या त्या सगळ्या बायका काही एकट्या राहत नव्हत्या. घरात माणसं असणं आणि आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर केलेल्या कामातून हे पुढे आलं, की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इस्पितळातून ज्या घरी परत जातात त्या घरात सतत टोचून बोलणं, वैर धरणं किंवा जिवाला घोर लावून अंगावर येणं असेल, तर आजार लवकर उलटतो. टोमणा हा आजाराला लागणारा सरपणाचा तुकडा आहे. तो टाकायला घरात माणसं जितकी जास्त तितकी आग मोठी. दिवसभर 'तुला काही जमत नाही' ऐकणारी बाई संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यायला बसते तेव्हा तिच्या हाताला कापरं भरतं. आणि ते कापरंच पुन्हा पुरावा म्हणून दाखवलं जातं.

दोन घरं मी जवळून पाहिली आहेत. एका घरातल्या धाकट्या सुनेला रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी जाग येत नाही. मुलीची व्हॅन पावणेसातला. खालच्या मजल्यावर राहणारी मोठी जाऊ सहाला वर येते, डबा भरते, पाण्याची बाटली दप्तरात घालते आणि मुलीला आईच्या पलंगावर नेऊन बसवते. तेल, फणी, दोन रिबिनी हाताशी ठेवते. अर्धवट डोळे मिटलेल्या अवस्थेत का होईना, वेण्या आईच घालते. कधी भांग वाकडा पडतो. जाऊबाईंना मी विचारलं, सगळंच तुम्ही उरकलं तर लवकर होणार नाही का? त्या म्हणाल्या, 'डबा कुणीही भरेल. वेणी तिनेच घालायची. ती पण मी घातली, तर पोरीला आई कशाला पाहिजे?' आजार अधूनमधून डोकं वर काढतो, तेव्हा मुलगी चार दिवस मोठ्या आईकडे झोपते आणि पुन्हा वर येते. त्या घरातली मुलगी मराठी शाळेत चौथीत आहे आणि आईच्या गोळ्या संपत आल्या की आठवणीने सांगते.

दुसऱ्या घरात आजार जवळजवळ तोच, गोळ्याही त्याच. तिथे सासूबाईंनी पहिल्या झटक्यानंतर मुलाला आपल्या खोलीत नेलं ते नेलंच. न्हाऊ घालणं, भरवणं, पालकसभा, सगळं त्यांच्याकडे. बाईने मुलाला जवळ घेतलं की 'अगं, सांभाळून' म्हणत कुणीतरी पुढे होतं. मुलगा आजीला आई म्हणतो आणि आईला नावाने हाक मारतो. त्या सासूबाई वाईट नाहीत, नातवासाठी झिजतात. पण त्यांनी जे दिलं त्याला आधार म्हणत नाहीत. पहिल्या घरात आईच्या भोवती माणसं उभी राहिली, दुसऱ्या घरात आईच्या जागी. सगळा फरक इथे आहे, आणि हा फरक न समजणारे लोक दोन्ही गोष्टींना 'आम्ही खूप केलं हो तिच्यासाठी' असंच म्हणतात.

आता मुलाकडे येतो, कारण विरोधकांचं सगळं भांडवल मुलावर आहे. आजारी आईवडिलांच्या मुलांना त्रास होतो का? होतो. घरात काय चाललंय ते कुणी सांगत नाही, आई का ओरडते ते कळत नाही, आपल्यामुळेच ती अशी झाली असं वाटत राहतं, मित्राला घरी बोलावता येत नाही, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी घरातली मोठी बाई होऊन बसते. पण यातल्या एकेका त्रासाकडे नीट बघा. गुपित कुणी राखायला लावलं? 'शाळेत सांगू नकोस हं' कुणी बजावलं? आईला दवाखान्यात न्यायला दोन वर्षं उशीर कुणी केला, देवऋषी आणि मांत्रिक कुणी केले? आजार हा भाग आहेच, पण मुलाला जे सर्वांत जास्त जाळतं ते आजाराभोवतीचं मौन, शरम आणि एकाकीपणा. ते सगळं निरोगी माणसांनी निर्माण केलेलं असतं.

अमेरिकेतला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची मुलं, अशा १५१ जोड्या त्यात होत्या. तीन महिन्यांत ज्या आयांचं नैराश्य पूर्ण ओसरलं त्यांच्या मुलांमध्ये मानसिक आजारांच्या निदानाचं प्रमाण ११ टक्क्यांनी खाली आलं. ज्या आया तशाच आजारी राहिल्या त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढलं. मुलाची काळजी असणाऱ्याने यातून एकच काम उचलायचं असतं, आईला उपचारांपर्यंत नेऊन तिथे टिकवण्याचं. पण आपल्या देशातली स्थिती काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. त्यांतले कितीतरी जण कुणाचे तरी आईबाप आहेत. त्यांना औषध मिळत नाही याची काळजी वाटण्याआधी त्यांच्या मुलांचं काय करायचं याची चिंता ज्यांना लागते, त्यांच्या चिंतेचं मी काय करू?

रक्ताचा मुद्दा जरा सावकाश घ्यायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं जास्त घातक असतं. मानसिक आजारांत आनुवंशिकता असते. आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. तरीही अशा शंभर मुलांपैकी नव्वदच्या आसपास मुलांना तो होत नाही. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या, दुसऱ्या घरी दत्तक गेलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्या दत्तक घरांत ताण, भांडण, गोंधळ होता तिथे या मुलांमध्ये आजार जास्त दिसला. ज्या घरांत वातावरण निवांत होतं तिथे फार कमी. इथे विरोधक टाळी वाजवतील आणि म्हणतील, मग आम्ही तेच तर करतोय, मूल दुसऱ्या घरात नेतोय! पण तो अभ्यास घराच्या पत्त्याविषयी नाही, घराच्या वातावरणाविषयी आहे. ज्या आजीच्या घरी मुलासमोर रोज त्याच्या आईचा उद्धार होतो, 'आईवर गेलास तर याद राख' म्हणून धाक घातला जातो, ते घर निवांत आहे का? वातावरण निवळायचं असेल तर ते आईच्या घरातही निवळू शकतं. त्यासाठी आधार लागतो. मूल हलवल्याने फक्त मूल हलतं.

आणि वडील? या सगळ्या चर्चेत 'आई' हाच शब्द मी जास्त वापरत आलो, कारण निकालही तिच्यावरच लागतो. पुरुषाला आजार असेल तर आपल्याकडचा सल्ला ठरलेला असतो: लग्न लावून द्या, सुधारेल. नाही सुधारला तर, एक मूल होऊ द्या, जबाबदारी आली की ठीक होईल. आजार लपवून लग्न होतं, मूल होतं, बाप तसाच आजारी राहतो, आणि त्याचं मूल त्याच्यापासून लांब न्यावं असं त्या घरात कुणाच्याही मनात येत नाही, कारण सांभाळायला बायको आहे. म्हणजे पुरुषाला आजारपणात मूल हा उपचार आणि बाईला आजारपणात मूल हा गुन्हा. ज्यांना मुलांच्या भल्याची एवढी तळमळ आहे त्यांची तळमळ इथे कुठे जाते? या दुटप्पीपणाने बापाचंही भलं होत नाही. दारूत बुडवलेलं नैराश्य, कर्जाच्या ओझ्याखाली गप्प झालेला शेतकरी बाप, मुलाशी महिनोन् महिने धड न बोललेला बाप: यांना कुणी 'आजारी पालक' म्हणत नाही, म्हणून मदतही देत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विदर्भातला बाप बोलत नाही असं आपण म्हणतो. त्याच्याशी बोलायला कुणी गेलं होतं का?

'अशांनी मूल होऊच द्यायला नको होतं.' सुसंस्कृत माणसंही हे किती सहज बोलून जातात! हा विचार कुठे पोहोचतो ते महाराष्ट्राने १९९४ साली पाहिलं आहे. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या, आणि त्यांची देखभाल सोपी व्हावी हे कारण पुढे केलं गेलं. मतिमंदत्व आणि मनोविकार या वेगळ्या अवस्था आहेत, पण त्यांच्याकडे बघणारी नजर एकच आहे. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात आजही अशा मानसिक विकाराचा उल्लेख आहे, जो माणसाला लग्नासाठी आणि अपत्यासाठी अयोग्य ठरवतो. याच कलमात पूर्वी फेफऱ्याचाही समावेश होता. १९९९ मध्ये तो वगळला गेला. म्हणजे ज्या आजारासाठी कालपर्यंत माणूस 'अयोग्य' होता, त्याच आजाराचा माणूस एका दुरुस्तीने योग्य झाला. त्याचा आजार तोच होता. अयोग्यता आपल्या डोक्यात होती. २००९ साली चंदीगडच्या एका सरकारी संस्थेतल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. बलात्कारातून तिला दिवस गेले होते, तिला मूल हवं होतं, आणि उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. मूल जन्माला घालावं की नाही हे ठरवणं हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तिच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट होती: तिला आणि बाळाला सांभाळायला मदत करण्याची तयारी राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेने दाखवली होती. २०१३ साली याच न्यायालयाने पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे या कारणावरून मागितलेला घटस्फोट नाकारला. ती बाई डॉक्टर होती, एका मुलीची आई होती. निदानाची चिठ्ठी म्हणजे माणसाचा निकाल नव्हे, हे देशातलं सर्वांत मोठं न्यायालय सांगतं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही सांगतो, की आईवडिलांच्या अपंगत्वापोटी मूल त्यांच्यापासून तोडता येणार नाही आणि मूल वाढवायला त्यांना मदत करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. मानसिक आजारही या करारात येतात.

'सगळं पटतं, पण एवढा आधार पुरवायला पैसा कुठून आणायचा?' हा शेवटचा आडोसा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली, बालमृत्यू कमी केले, आणि १९९९ मध्ये ते जगापुढे मांडलं. त्याच वाटेवरून आज देशभर आशाताई जातात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी बेचाळीस दिवसांत त्या सहा वेळा येतात. दार उघडं आहे, माणूस दारात उभा आहे. बाळाचं वजन झालं, ताप बघून झाला, की आईला तीन प्रश्न विचारायला कोणती तिजोरी लागते? झोप लागते का, सारखं रडू येतं का, बाळ नकोसं वाटतं का? पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांत अशाच आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या आयांकडे पाठवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यापैकी २३ टक्के जणी नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे अशी प्रशिक्षित बाई गेली नव्हती त्यांच्यात ५३ टक्के. त्या आरोग्यसेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या, शाळेपर्यंत शिकलेल्या गावच्या बायका होत्या. गोव्यात तर नैराश्य असलेल्या गरोदर बायकांना साथ द्यायला त्यांच्याचसारख्या आया 'सखी' म्हणून गेल्या. फायदा माफक होता, पण होता. नगरजवळच्या माउली सेवा प्रतिष्ठानात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळतात आणि त्यांची मुलंही तिथेच वाढतात. ज्यांचं जगात कुणी नाही त्यांचं आईपण जर तिथे राखलं जातं, तर भरल्या घरातल्या सुनेचं का राखता येत नाही?

मानसोपचाराच्या ओपीडीत मुलांविषयी विचारणं सहज जमण्यासारखं आहे आणि तरी होत नाही. रांग मोठी असते, डॉक्टर केसपेपर ओढतात: झोप कशी आहे, भूक कशी आहे, गोळ्या नियमित घेता ना, पुढच्या महिन्यात या. मुलं किती, घरी त्यांना कोण बघतं, सकाळी उठता येतं का, मुलांना आजाराविषयी काय सांगितलंय, यातलं काही विचारलं जात नाही. मग सकाळी जाग येत नाही म्हणून बाई गोळी सोडते, आणि आजार उलटला की दोष तिचा. नॉर्वेने २०१० पासून कायद्यानेच आरोग्य कर्मचाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे, की आजारी माणसाला लहान मुलं असतील तर त्या मुलांच्या गरजांकडे लक्ष द्यायचं. आपल्याकडे कायद्याची वाट न बघता केसपेपरवर एक ओळ वाढवता येईल.

कायदा आपल्याकडेही आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये आला. त्याचं २१ वं कलम म्हणतं, की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या स्त्रीचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बाळाला धोका आहे असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत झालं तरच वेगळं करायचं, तेही तात्पुरतं. त्या काळातही देखरेखीखाली तिला मुलाला भेटू द्यायचं. दर पंधरा दिवसांनी निर्णयाचा आढावा घ्यायचा, कारण संपलं की मूल परत द्यायचं. सलग तीस दिवसांच्या पुढे वेगळं ठेवायचं असेल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. ज्या ठिकाणी सर्वांत जास्त आजारी बायका असतात त्या ठिकाणासाठी हा नियम आहे. आणि आपल्या घरात? तिथे मूल काढून घेण्याचा निर्णय कुणी डॉक्टर देत नाही, त्याला तारीख नसते, भेटीचा नियम नसतो, आढावा नसतो. मूल दोन वर्षांचं असताना झालेला निर्णय ते बारा वर्षांचं झालं तरी चालू राहतो, आणि मधल्या काळात आई बरी झाली हे कुणी मोजलेलंही नसतं.

म्हणून ज्यांच्या घरात, भावकीत, शेजारात असा निर्णय झाला आहे त्यांना माझी विनंती आहे. तो कोणी घेतला, कोणत्या डॉक्टरला विचारून घेतला आणि शेवटचा आढावा कधी झाला, हे उद्याच विचारा. आढावा झाला नसेल तर डॉक्टरांकडे तिला घेऊन जा आणि या वेळी मुलाविषयी बोला. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. आणि मूल परत तिच्याकडे आलं, की सकाळचा डबा भरायला तुम्ही जा.